बिलात सेवा शुल्क कसं लावायचं: आमच्या सहलींच्या टेबलावरून

सातारला पोवई नाक्याजवळ आमचं सहलींचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे दहा बाय बाराचा गाळा: दोन टेबलं, भिंतीवर अष्टविनायकाचा नकाशा, काउंटरवर क्यूआरची पाटी आणि पैसे जमा झाले की बोलणारा डबा. सासऱ्यांनी एका गाडीवर धंदा सुरू केला, हिशेब मात्र गेली पंधरा-सोळा वर्षं माझ्याकडे आहे. परवा वरच्या मजल्यावरचे क्लासवाले सर खाली आले नि म्हणाले, "वहिनी, तुम्ही बिलात सेवा शुल्क लावता, कुणी हूं की चूं करत नाही. मी फीवर शंभर रुपये ऑनलाइन चार्ज लावला तर पालक अंगावर आले. तुमचं काय गुपित आहे?" गुपित कसलं! पण सांगायला बसले तर दीड तास गेला, चहा दोनदा झाला. म्हणून आता लिहूनच ठेवते.

आधी आमची फजिती. २०१८ साली स्वाइप मशीन आणलं. बँक प्रत्येक व्यवहारामागे काहीतरी कापून घ्यायला लागली, तशी मी बाजारातल्या इतर दुकानांचं बघून पाटी लावली: 'कार्डवर २% जादा'. चारेक महिने ती पाटी सुखाने लटकत होती. मग अक्कलकोट-गाणगापूरच्या बुकिंगला एक काका आले, बँकेतून निवृत्त झालेले. कार्ड हातात धरून पाटीकडे बघत राहिले.

"ही पाटी कुणी लिहिली?"

"मीच."

"मग तुम्हीच काढा, बाई. डेबिट कार्डावरची कापणी गिऱ्हाइकाच्या माथी मारायची नाही, असं रिझर्व्ह बँकेने १ जानेवारी २०१८ पासून सांगितलंय. आणि मशीनच्या करारावर सही कुणी केली?"

तीही मीच केली होती, न वाचता. करार खणात होता, कॅलेंडरांच्या खाली. काकांनी चष्मा लावून दोन मिनिटांत ओळ काढून दाखवली: कार्डाने पैसे देणाऱ्याकडून जादा रक्कम घेता येणार नाही. क्रेडिट कार्डाचाही त्यात उल्लेख होता. पाटी त्याच दिवशी उतरली. तुमच्या काउंटरवर मशीन असेल तर हे वाचायचं थांबवून आधी तो करार शोधा. बहुतेकांच्या करारात ही ओळ असते.

आता नेमकं काय कापलं जातं ते बघा, कारण इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. यूपीआय आणि रूपे डेबिट कार्ड यांवर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला कापणी शून्य आहे. बाकीच्या डेबिट कार्डांवर मर्यादा ठरलेली आहे: वर्षाची उलाढाल २० लाखांपर्यंत असेल तर मशीनवर ०.४० टक्के, फार तर २०० रुपये. त्याच्या वर उलाढाल असेल तर ०.९० टक्के, फार तर १,००० रुपये. क्रेडिट कार्डाला अशी वरची मर्यादा नाही. आमच्याकडे ते दोन टक्क्यांच्या आसपास पडतं आणि त्यावर १८ टक्के जीएसटी. एक बारीक गोष्ट: कुणी रूपे क्रेडिट कार्ड यूपीआयला जोडून तुमचा क्यूआर स्कॅन केला, तर मोठ्या रकमेवर कापणी होते. डबा जेवढे बोलला तेवढेच खात्यात येतील असं धरून चालू नका. मी तीन महिने धरून चालले होते.

थोडक्यात, 'यूपीआय चार्ज' म्हणून गिऱ्हाइकाकडून दहा रुपये घेणं म्हणजे जो खर्च झालाच नाही त्याचे पैसे मागणं. सरांचं हेच चुकलं होतं. त्यांचे नव्वद टक्के पालक यूपीआयने फी भरतात, आणि पालकांना हे माहीत आहे.

मग शुल्क लावायचं कशाचं? पैसे कसे दिले याचं नाही, आपण काय काम केलं याचं. अष्टविनायकाच्या एका सहलीमागे ओझरचं भक्तनिवास धरून ठेवायला चार फोन, लेण्याद्रीला चढू न शकणाऱ्या आजींसाठी डोलीची सोय, कुणाला उपवासाचं जेवण, कुणाला खिडकीची जागा, शेवटच्या दिवशी नाव बदल, आणि परत आल्यावर 'ताई, माझा चष्मा गाडीत राहिला' हा फोन. या कामाला गाडीच्या भाड्यात किंमत नाही. ती वेगळी घ्यायची, सगळ्यांकडून सारखी घ्यायची. रोख दिले तरी तेवढीच, कार्ड दिलं तरी तेवढीच. कार्डवाल्याला वेगळा दर लावला की ती पुन्हा तीच पाटी झाली, फक्त नाव बदललं. 'रोखीला सूट' हा त्याच पाटीचा धुतलेला अंगरखा आहे असं माझं मत आहे. काहीजण वापरतात, मी वापरत नाही. आणि रोखीचा सोस असलाच तर लक्षात असू द्या, एका सहलीचे म्हणून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेता येत नाही, हप्त्यांत घेतले तरीसुद्धा.

किती लावायचं हे डोक्याने ठरवू नका, वहीने ठरवा. मी एका हंगामाचा हिशेब काढला, नोव्हेंबर ते फेब्रुवारी. ३१० प्रवासी. मशीन आणि ऑनलाइन पेमेंट मिळून कापले गेले २१,४०० रुपये. फोन, मेसेज आणि बुडालेले भक्तनिवासांचे ॲडव्हान्स ९,६००. ऑफिसातल्या मुलीचा निम्मा वेळ बुकिंगच्याच कामात जातो, त्याचे चार महिन्यांचे २८,०००. एकूण ५९,०००. भागिले ३१० केले तर माणशी १९० रुपये आले. मी २०० धरले. टक्केवारीत लावलं नाही, कारण साडेतीन हजारांच्या सहलीला आणि साडेबारा हजारांच्या सहलीला फोन तेवढेच करावे लागतात. टक्का दिसला की गिऱ्हाइकाला दलाली वाटते, आणि दलालीवर घासाघीस करायची असते हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. ठोक आकड्यावर घासाघीस कमी होते.

नाव काय द्यायचं? आम्ही 'बुकिंग व सेवा शुल्क' असं लिहितो. 'इतर आकार', 'प्रोसेसिंग', 'हॅंडलिंग' असलं काही लिहू नका. 'इतर' या शब्दाइतका संशय मराठी माणसाला दुसऱ्या कुठल्याही शब्दाचा येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: ते सांगायचं कधी. यातही मार खाल्लाय. सेवा शुल्क सुरू केलं त्या पहिल्या वर्षी कराडच्या एका कुटुंबाची बारा जणांची सहल होती. दर फोनवर ठरला, ॲडव्हान्स आला, आणि २,४०० रुपये मी शेवटच्या बिलात घातले. घरातल्या मोठ्या वहिनींनी बिल वाचलं, काही बोलल्या नाहीत, पैसे मोजून दिले. वर्षातून दोनदा आमच्याबरोबर जाणारी माणसं. त्यानंतर कधी आली नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून दर विचारणाऱ्याला जो पहिला व्हॉट्सॲप मेसेज जातो, त्यातच आकडा असतो. २०० रुपये शुल्क होतं तेव्हाचे शब्द असे:

'अष्टविनायक, २ रात्री ३ दिवस. माणशी ६,५०० रु. + बुकिंग व सेवा शुल्क माणशी २०० रु. + जीएसटी ५%. एकूण माणशी ७,०३५ रु. यापेक्षा जास्त काही लागणार नाही. डोली, पूजा, वैयक्तिक खर्च तुमचा.'

शेवटचा आकडा, ७,०३५, ठळक अक्षरात. लोक तोच बघतात आणि तोच घरी सांगतात. 'फक्त ६,५००' असं मोठं लिहून बाकी खाली बारीक लिहिलं, तर दोन-चार बुकिंगं जास्त येतील, पण प्रत्येकाला नंतर समजावत बसावं लागेल. ऑफिसातही भिंतीवर, गिऱ्हाईक बसतं त्याच्या समोर, हेच लिहिलेलं आहे. माझ्या पाठीमागे नाही, त्यांच्या डोळ्यांसमोर.

बिल असं निघतं, बारा जणांचं:

सहल खर्च (राहणे व प्रवास धरून), १२ × ६,५०० = ७८,०००
बुकिंग व सेवा शुल्क, १२ × २०० = २,४००
एकूण = ८०,४००
सीजीएसटी २.५% = २,०१०
एसजीएसटी २.५% = २,०१०
देय रक्कम = ८४,४२०

यात जीएसटीची एक गोम आहे. सेवा शुल्क वेगळ्या ओळीत लिहिलं म्हणून ते करातून सुटत नाही, आणि त्याला वेगळा दरही लागत नाही. मुख्य कामाच्या ओघात घेतलेली रक्कम मुख्य कामाच्याच किमतीत धरली जाते. आमची सहल ५ टक्क्यांत, म्हणून शुल्कही ५ टक्क्यांत. या ५ टक्क्यांच्या दराला बिलावर 'राहणे व प्रवास धरून' असं दिसावं लागतं, म्हणून तो कंस तिथे आहे; हौस म्हणून नाही. आणि या दरात खर्चावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणजे मशीनवाल्याने दोन टक्क्यांवर लावलेला १८ टक्के जीएसटीही आमच्याच खिशातून जातो. २ नव्हे, २.३६ टक्के. शुल्काचा हिशेब करताना मी हाच आकडा धरते.

कुणाला नुसतं रेल्वेचं तिकीट काढून दिलं तर मामला उलटा. तिकिटाचं भाडं गिऱ्हाइकाच्या वतीने भरलेलं असतं, ते जसंच्या तसं वेगळ्या ओळीत दाखवायचं, त्यावर आपण कर लावायचा नाही, आणि त्यात आपला एक रुपयाही मिसळायचा नाही. आपलं शुल्क तेवढं खाली, त्यावर १८ टक्के. भाडं आणि शुल्क एकाच आकड्यात गुंडाळलं की सगळ्यावरच कर मागितला जाऊ शकतो. आमच्या सीएंनी हे मला समजावलं तेव्हा मी मागची दोन वर्षांची बिलबुकं काढून बसले होते, पोटात गोळा आलेला.

तुमची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल आणि जीएसटी नंबर घेतलेला नसेल, तर कराची ओळ बिलात नकोच. शुल्क मात्र लावता येतं. कंपोझिशनवाल्यांनीही, म्हणजे उलाढालीवर ठरावीक दराने सोपा जीएसटी भरणाऱ्या छोट्या व्यापाऱ्यांनीही, गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घ्यायचा नाही. आणि किराणा-जनरलवाल्यांनी या भानगडीत पडूच नये: छापील किमतीच्या वर 'कूलिंग चार्ज' म्हणून घेतलेले दोन रुपयेसुद्धा बेकायदा आहेत. घरपोच पोचवण्याचे पैसे आधी सांगून वेगळे घ्या, ते चालतं.

माझा धाकटा दीर पाचगणीला खानावळ चालवतो. त्याने हे सगळं ऐकून घेतलं नि म्हणाला, "मग मी पण बिलाला दहा टक्के सर्व्हिस चार्ज लावतो." त्याला हात जोडले. हॉटेल-खानावळीचा नियम वेगळा आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला सांगितलंय की जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावानेही नाही, आणि दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ ला ते कायम ठेवलं. द्यायचा तर गिऱ्हाइकाने आपखुशीने द्यायचा. दिराला म्हटलं, थाळीचाच दर वाढव आणि मोकळा हो. पार्सलच्या डब्याचे दहा रुपये मेन्यूकार्डावर छाप.

ऑनलाइन पैसे घेत असाल तर आणखी दोन गोष्टी. पेमेंट गेटवेच्या (ऑनलाइन पैसे घेऊन आपल्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीच्या) सेटिंगमध्ये 'फी कुणी भरायची' असा पर्याय काही ठिकाणी असतो: व्यापाऱ्याने की गिऱ्हाइकाने. गिऱ्हाईक निवडलं की पैसे भरताना त्याच्या रकमेत फी आपोआप मिळवली जाते. मी तो एकदा चालू केला आणि आठवड्यात बंद केला. गिऱ्हाइकाला मेसेजमध्ये ७,०३५ सांगितलेले आणि मोबाइलवर वेगळाच आकडा. शिवाय तो आकडा माझ्या बिलाशी जुळेना. क्लासवाल्या सरांनी हाच पर्याय चालू ठेवला होता, त्यांना स्वतःलाही माहीत नव्हतं.

दुसरी गोष्ट गणिताची. समजा हातात पुरे १०,००० पडायला हवेत आणि कापणी २.३६ टक्के आहे. आपण काय करतो, १०,००० वर २३६ वाढवतो. पण कापणी १०,२३६ वर होते, २४१ रुपये ५७ पैसे, आणि हातात येतात ९,९९४ रुपये ४३ पैसे. बेरीज करायची नसते, भागायचं असतं: १०,००० भागिले ०.९७६४, म्हणजे १०,२४१ रुपये ७० पैसे. पाच रुपयांचा फरक आहे, मान्य. पण वर्षाअखेर बँकेचा उतारा आणि वही जुळत नाही तेव्हा याच पाच-पाच रुपयांनी रात्री जागवतात. शुल्क ठरवताना हा भागाकार एकदाच करायचा; गिऱ्हाइकाला तो दाखवायचा नाही.

वेबसाइटवर फॉर्म असेल तर विमा, देणगी, जादा सेवा असल्या चौकटीत आधीच टिक करून ठेवू नका. नोव्हेंबर २०२३ मध्ये ग्राहक प्राधिकरणाने फसव्या मांडणीच्या १३ प्रकारांची यादी काढली, त्यात गुपचूप टोपलीत वस्तू टाकणं आणि शेवटच्या पायरीवर किंमत वाढवणं हे दोन्ही आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आता लोकांना पाठ असतो.

"पण रेल्वे घेते की! मग आपण का नाही?" हा प्रश्न सरांनीही विचारला. आयआरसीटीसी खरंच घेते: यूपीआयने भरलं तर बिनवातानुकूलितला १० आणि वातानुकूलितला २० रुपये, इतर मार्गांनी १५ आणि ३०, वर जीएसटी. पण तिकिटाचं बटण दाबायच्या आधी तो आकडा समोर असतो, आणि तिकीट रद्द केलं तर हे शुल्क परत मिळत नाही हेही लिहिलेलं असतं. गिऱ्हाईक कुरकुरतं पण फसल्यासारखं वाटत नाही.

परत करण्याचा मुद्दा आला म्हणून सांगते. मार्च २०२०. चैत्री यात्रेची सगळी बुकिंगं आठवड्यात रद्द झाली. आम्ही सगळ्यांचे पूर्ण पैसे परत केले, आणि तेव्हा कळलं की गेटवे परतावा देतं पण आपली कापलेली फी ठेवून घेतं. म्हणजे सहल झाली नाही, उत्पन्न शून्य, वर प्रत्येक बुकिंगमागे दोन-अडीच टक्के आमच्याच खिशातून गेले. त्यानंतर पावतीच्या मागे तीन ओळी छापून घेतल्या. सहल आम्ही रद्द केली तर सेवा शुल्कासकट सगळं परत. तुम्ही १५ दिवस आधी रद्द केली तर सहल खर्च नियमाप्रमाणे परत, सेवा शुल्क नाही. नाव बदललं तर जादा काही नाही. या तीन ओळी बुकिंग घेताना मी वाचून दाखवते. लोक हसतात, "ताई, वाचता येतं आम्हाला." हसू देत.

वहीत नोंद कशी करायची तेही सांगून टाकते, कारण नव्या मुलीने पहिल्याच महिन्यात घोळ घातला होता. वरचे ८४,४२० कुणी पूर्ण क्रेडिट कार्डाने भरले तर खात्यात येतात ८२,४२७ रुपये ६९ पैसे. तिने सहलीचं उत्पन्नच ८२,४२७ लिहिलं. असं नाही. बिल ८४,४२० चंच, जीएसटी त्याच आकड्यातला, आणि १,९९२ रुपये ३१ पैसे 'बँक व पेमेंट खर्च' या वेगळ्या खात्यात. टॅलीत मी 'सेवा शुल्क जमा' असंही स्वतंत्र खातं उघडलंय. हंगाम संपला की ही दोन खाती शेजारी ठेवून बघते. मागच्या वर्षी क्रेडिट कार्डवाले वाढले, मुलीचा पगार वाढवला, आणि २०० पुरेनासे झाले.

म्हणून या वर्षी २३० केलेत. भिंतीवरचा कागद १ ऑक्टोबरला बदलला. ज्यांनी सप्टेंबरात ॲडव्हान्स दिलाय त्यांना मात्र २०० च. सरांनी आपल्या फीच्या पत्रकात 'ऑनलाइन चार्ज' खोडून 'नोट्स व नोंदणी शुल्क, वर्षाला ३००, सर्व विद्यार्थ्यांना' असं लिहून आणलं होतं. मी म्हटलं, छापायच्या आधी नोट्स खरंच देणार आहात ना, तेवढं बघा.